भावजी, जेवलात का?

शैला,

परवा तुझ्या शाळेत शोकसभा झाली. किती वर्षं नोकरी केली, दहावीचा मराठीचा निकाल कसा लावला, बाई शिस्तीच्या किती आणि मायाळू किती, सगळं सांगून झालं. एक मुलगी बोलता बोलता रडली. दत्ता पहिल्या रांगेत बसला होता, मी शेवटच्या रांगेत, दीर म्हणून. तिथं बोलले ते खरंच होतं, मला त्यात भर घालायची नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मधूनच उठून गेलीस. ही तुझी जुनी खोड. जिंकत असलीस की तास तास बोलायचीस, आणि हरायला लागलीस की लगेच कुकर लावायचा असायचा.

मी दत्ताचा भाऊ नाही. बघ, हे साधं वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय. तो तुझा नवरा, लग्न लागलेला. आणि मीही तुझाच, लग्न न लागलेला. हे आपल्या तिघांना माहीत होतं. मोशीतल्या आपल्या सोसायटीच्या लेखी मात्र मी दत्ताचा धाकटा भाऊ, तुझा दीर. दत्ता परभणीकडचा, मी रत्नागिरीकडचा. तो 'काहून' म्हणतो, मी 'कशाला' म्हणतो. त्याला सुकटीच्या वासानं मळमळतं, माझा रविवार बोंबलाशिवाय जात नाही. असले सख्खे भाऊ जगात कुणी पाहिलेत का? खालच्या मजल्यावरच्या शिंदेकाकूंनी एकदा विचारलंच, एका आईची लेकरं आणि बोलणं असं वेगळं कसं. तू पापणीही न लववता म्हणालीस, धाकटे लहानपणी मामाकडं होते, कोकणात. दत्ताच्या आईला त्या दिवशी कोकणात एक भाऊ झाला. तिला बिचारीला शेवटपर्यंत पत्ता नव्हता.

हे सगळं सुरू झालं ते माझा पाय मोडला म्हणून. दत्ता आणि मी तेव्हा भोसरीत एकाच कंपनीत होतो. स्पाइन रोडला माझी गाडी घसरली, पायात रॉड बसला, आणि रूमवर मला बघायला कुणी नव्हतं. दत्ता मला सरळ उचलून घरी घेऊन आला. तुमच्या हॉलमध्ये दिवाणावर मी पडून असायचो, तू शाळेतून येऊन वह्या तपासायचीस, आणि मुलांच्या निबंधातली गमतीची वाक्यं मला वाचून दाखवायचीस. पाय बरा झाला तरी मी जाईना आणि तुम्ही जा म्हणेनात. मी मनातून घाबरलेला होतो. मित्राचं घर, मित्राची बायको, ह्याला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक होतं. मी रूम बघायला सुरुवातही केली होती.

तू मला काही सांगायच्या आधी दत्ताला सांगितलंस. हे मी कधीही विसरणार नाही. चोरून काही करायचं तुझ्या रक्तात नव्हतं. तू त्याच्यासमोर बसून म्हणालीस, तुझ्यावरचं माझं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही, पण ह्याच्यावरही जडलंय, आणि ते मी दाबून ठेवलं तर तुझ्याशीच खोटं वागेन. दत्तानं बाइकची किल्ली उचलली. देहूरोडला कुणा मित्राकडं म्हणून गेला, संध्याकाळी आला तो तीन वडापाव घेऊन. मला म्हणाला, "राहणार हायस ना? मग घर मोठं बघावं लागंल."

लोकांना वाटेल, इतकं सोपं? सोपं नव्हतंच. पहिलं वर्ष दत्ता उगाचच रागवायचा, रविवारी तासभर बाइक पुसत खाली बसायचा. मी चिडचिडा व्हायचो. तू दोघांच्या मधे पडून थकायचीस आणि म्हणायचीस, दोन नवऱ्यांपेक्षा दहावी क परवडली. पण हळूहळू बसलं. कंपनी बदलून मी चाकणला लागलो, आमच्या शिफ्ट उलटसुलट झाल्या, घरात कुणी ना कुणी असायचंच. दत्ताला कावीळ झाली तेव्हा त्याच्या उशाशी तुझ्यापेक्षा मी जास्त बसलो. आमच्या दोघांतही एक नातं झालं होतं गं, त्याचा तू कधी नीट विचार केला नाहीस. तो आता शेजारच्या खोलीत झोपलाय, तुझी शाल पांघरून.

दीर हा शब्द तुझाच. मोशीला सामान आणलं त्या दिवशी गेटवर वॉचमननं वहीत नावं लिहिताना विचारलं, हे कोण? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "दीर." वर आल्यावर मी हसून लोळलो. तू मात्र गंभीर होतीस. म्हणालीस, ह्याच्याइतका सुरक्षित शब्द मराठीत नाही. दीर घरात राहतो, दिराशी चेष्टामस्करी चालते, दीर भाजी आणायला बरोबर येतो, आणि कुणी वळून बघत नाही. मराठीच्या बाईंनी शब्द निवडला होता, त्यात खोट काढणार कोण.

तेव्हापासून आपल्या दाराचा उंबरा म्हणजे व्याकरणाची सरहद्द झाली. आत मी अन्या, अरे, तू, गाढवा. बाहेर पाऊल पडलं की भावजी, तुम्ही, या, बसा. आणि मी तुला वहिनी म्हणायचं. मला ते जमायचं नाही. वहिनी म्हणताना माझा आवाज आपोआप रेडिओवरच्या निवेदकासारखा व्हायचा, तू नंतर नकला करायचीस. एकदा चिंचवडच्या भाजीबाजारात तू चुकलीस. मी मेथीची शिळी जुडी घेतली आणि तू सगळ्यांदेखत ओरडलीस, अरे ए गाढवा, पिवळी पडलीय ती. बाजूला शाळेतल्या कदमबाई उभ्या. तू त्यांना पाहिलंस आणि म्हणालीस, "म्हणजे... भावजी." कदमबाई इतक्या हसल्या की त्यांना संशय घ्यायला सवडच मिळाली नाही. घरी येऊन आपण त्या मेथीचे पराठे केले आणि ठसका लागेपर्यंत हसलो. पण त्या रात्रीपासून तू बाजारात माझ्यासोबत येणं कमी केलंस.

रविवारच्या पोह्यांबरोबर तुझी जगाची बातमीपत्रं असायची. फोन वर धरून तू वाचून दाखवायचीस. ब्राझीलमध्ये म्हणे एका नोटरीनं तिघांच्या संसाराचा कागद करून दिला, आणि पुढं वरून फर्मान आलं की असले कागद करायचे नाहीत. अमेरिकेतल्या एका लहानशा शहरानं दोनापेक्षा जास्त जोडीदारांचं एक घर मानायचं ठरवलं. कॅनडात कोर्टानं एका लेकराचे तीन पालक धरले. दत्ता दर वेळी एकच विचारायचा, मग त्यांच्यात डबा कोण करतं? तू वैतागायचीस. मग तो म्हणायचा, जगात कितीतरी देशांत माणसाला चार बायका करता येतात की, आपल्याकडंच काय नवल. त्यावर तू पोह्यांची बशी खाली ठेवून त्याला झापायचीस, की तिथं बाईला कुणी विचारलेलं असतं का? तिथल्या एखाद्या बाईनं दोन नवरे केले तर बघ काय करतात. आपलं ते नव्हे. आपलं तिघांनी तिघांना विचारून झालंय.

मग माझं सुरू व्हायचं. मी म्हणायचो, असं आहे तर तोंड उघड. आपल्याकडं तर व्यभिचाराचं कलमसुद्धा गेलं, आता कुणी तुरुंगात टाकत नाही. आपण लग्न थोडंच करतोय, दुसरं लग्न केलं तर गुन्हा. सोसायटीत सांगून टाकू, एकदाच काय तो धुरळा उडेल. तू म्हणायचीस, कोर्टानं गुन्हा नाही म्हटलं, चांगलं आहे असं नाही म्हटलं. आणि शाळेची कमिटी म्हणजे काही कोर्ट नव्हे. पालकांना कळलं तर दुसऱ्या दिवशी मी वर्गावर नसेन. बरं, सांगायचं म्हटलं तर काय सांगायचं? हा माझा कोण? आहे का शब्द? यार, मित्र, ठेवलेला, भानगड. ह्यातला कुठला देऊ तुला?

फळ्यावर लिहावं तसं तू हवेत बोटानं लिहून दाखवलं होतंस. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं. एक बारशाला, एक चावडीवर. म्हणालीस, एका अनुस्वाराचा फरक आहे अन्या, आपण पहिलं करायला गेलो की लोक दुसरं करतील. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. शब्द नसेल तर करावा लागतो. तूच वर्गात मुलांना सांगायचीस ना, भाषा बोलणारे घडवतात म्हणून. स्वतःवर आलं की तू कोशातला शब्द शोधत बसायचीस.

एक मात्र होतं. तुझ्या माहेरी दीर चालणार नव्हता. त्यांनी दत्ता बघून दिलेला, तो एकुलता एक, हे मांडवातल्या पोरासोरांनाही ठाऊक. म्हणून तिकडं मी पेइंग गेस्ट. तुझा धाकटा भाऊ सुदाम भाऊबीजेला यायचा तेव्हा मी माझी अंथरूण-पांघरुणं हॉलमध्ये हलवायचो आणि त्याला भाऊ भाऊ करत राजकारणावर बोलायचो. तो भोळा नव्हता. एका वर्षी तू भाऊबीजेचं ताट केलंस, आम्ही तिघं जेवायला बसलो, आणि तू न विचारता माझ्या भातावर तूप घातलंस, दत्ताच्या घातलं नाहीस, कारण दत्ताला तूप चालत नाही. पेइंग गेस्टला इतकं कोण जपतं? सुदामनं ताटातून मान वर करून एकदा तुझ्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि जेवत राहिला. पुढच्या भाऊबीजेला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन यायचा, सोयाबीन काढायला आलंय म्हणायचा. तू फोन ठेवून बराच वेळ ओट्यापाशी उभी राहायचीस. एकदा म्हणालीस, मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान आला तरी असता.

आणि मग यंदा तो व्हिडिओ आला. हिमाचलात दोन सख्ख्या भावांनी एकाच मुलीशी लग्न लावलं, उघड, ढोलताशे लावून, त्यांच्या जमातीचा जुना रिवाज म्हणून. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला आणि आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मी तुला म्हटलं, बघ, आपल्याच देशात चालतं की. तुझा चेहरा मात्र उतरला. मला कळेना का ते. तू म्हणालीस, मूर्खा, त्यात दोघं भाऊ आहेत.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. इतकी वर्षं जो शब्द सगळ्यात सुरक्षित होता, तो त्या एका व्हिडिओनं नेमका नको तिथं आणून ठेवला. आपण चुलतभाऊ म्हणालो असतो, भाचा म्हणालो असतो, गावाकडचा ओळखीचा म्हणालो असतो तरी वाचलो असतो. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना शिंदेकाकू म्हणाल्या, शैलाताई, तुमच्याकडं तर सगळी तयारीच आहे, दोन भाऊ हाताशी! सगळ्या बायका हसल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं, आजही मला तसंच वाटतं. पण तू सगळ्यांत मोठ्यानं हसलीस, आणि मी दुरून ते हसणं ऐकलं. ते तुझं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू मला चाकणला खोली बघायला सांगितलंस. थोडे दिवस, म्हणालीस. लोक हे सगळं विसरेपर्यंत. दिराची बदली झाली, कंपनीजवळ राहतात, असं सांगू. दत्ता म्हणाला, काहून उगं घाबरती, तर तू त्याच्यावरही खेकसलीस. मी म्हटलं, तुझ्या शब्दापायी मी घर सोडायचं? तू शब्द बदल की. तू कुकर लावायला गेलीस.

मी रागावलो आणि गेलो. माझं रागावणं चूक होतं असं मी आता तू गेलीस म्हणून म्हणणार नाही. मी अजूनही रागावलेलो आहे. मार्केट यार्डाच्या मागं खोली घेतली, दिवसभर कांद्याच्या ट्रकांचे हॉर्न, कपड्यांना कांद्याचा वास. कंपनीची बस दाराशी यायची तेवढंच काय ते सुख. तू रोज फोन करायचीस आणि मी कामापुरतं बोलायचो. डबा नीट मिळतो का, हो. झोप लागते का, हो. एकदा तू म्हणालीस, इथं बोंबलाचा वास नाही तर घर ओळखू येत नाही. मी त्यावर काहीतरी छान बोलायला हवं होतं. मी म्हटलं, शिंदेकाकूंना विचार, आणतील.

दसऱ्यानंतर तुला ताप आला. डेंग्यू. मोशीत घरटी एक पेशंट होता तेव्हा, कुणाला काही विशेष वाटलं नाही. मग प्लेटलेट्स घसरल्या आणि दत्तानं मला शिफ्टमधून बोलावून घेतलं. आयसीयूच्या दाराशी विचारलं, पेशंटचे कोण? मी म्हटलं, दीर. सकाळी एक, संध्याकाळी एक, अशी आत जायची मुभा होती. सकाळी दत्ता गेला. संध्याकाळची पाळी त्यानं मला दिली. तुझ्या शाळेतल्या बाई आल्या होत्या, त्यांना जायचं होतं, तरी तो दारात आडवा उभा राहून म्हणाला, आता भाऊ जाईल. दत्ताच्या तोंडी माझ्यासाठी तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, कारण तो आजवर मला अन्याच म्हणत आलाय.

तू डोळे उघडलेस. तोंडावर मास्क, हाताला सुया. सिस्टर शेजारी उभ्या राहून काहीतरी लिहीत होत्या. मला तुझा हात धरायचा होता. दीर हात धरतो का, मला आठवेना. मी पलंगाचा दांडा धरला. म्हटलं, "बरं वाटतंय का वहिनी?" तू सिस्टरकडं पाहिलंस, मग माझ्याकडं, मास्क जरा बाजूला केलास आणि म्हणालीस, "भावजी, जेवलात का?"

मी हो म्हटलं. सिस्टर म्हणाल्या, चला, वेळ झाली. पहाटे तू गेलीस.

शैला, इतक्या वर्षांच्या संसारातलं आपलं शेवटचं बोलणं हे असं. वहिनी आणि भावजी. त्यातला एक शब्दही आपला नव्हता. तुझ्या अंगात त्राण नव्हतं, मरणाच्या दारात होतीस, आणि तिथंही तू व्याकरण सांभाळलंस. मला तुझा अभिमान वाटावा का चीड यावी, हे मला अजून कळलेलं नाही. त्या सिस्टरना तुझं माझं काहीही देणंघेणं नव्हतं. त्यांनी ऐकलं असतं तर काय झालं असतं? काही झालं नसतं. तू मला एकदा गाढवा म्हणाली असतीस तर मी त्याच्यावर उरलेलं आयुष्य काढलं असतं.

अग्नी दत्तानं दिला. मी खांदा दिला, दीर म्हणून. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला तर कावळा लगेच शिवला, हात जोडायचीही सवड दिली नाही. सगळे म्हणाले, बाई समाधानानं गेल्या, काही इच्छा मागं राहिली नाही. मला असा राग आला की सांगता सोय नाही. म्हणजे काहीच राहिलं नव्हतं तुझं? मला काही सांगायचं नव्हतं? मी मनातल्या मनात किती कबूल करायचं ठरवून आलो होतो, तू संधीच दिली नाहीस.

काल तेरावा झाला. त्याची मला आधीपासून धास्ती होती, कारण तुझी दोन्ही खोटं त्या दिवशी एकाच हॉलमध्ये जेवायला बसणार होती. एका बाजूला सोसायटी, तिथं मी दीर. दुसऱ्या बाजूला तुझं माहेर, तिथं मी पेइंग गेस्ट. दत्ताला म्हटलं, मी चाकणलाच थांबतो, तुझ्या मागं कटकट नको. तो म्हणाला, तू नसला तर मी टोपीच घालून घेणार नाही. आता ही टोपी म्हणजे तुमच्याकडची रीत. तेराव्याला माहेरचा माणूस टॉवेल-टोपी आणतो, जावयाला पाटावर बसवून डोक्याला टोपी घालतो, गोड घास देतो, आणि मग दुखवटा संपला म्हणायचं. बायको ज्या घरची, त्या घरानं येऊन म्हणायचं, आता ऊठ.

सुदाम आला. गाल बसलेत त्याचे. माझ्याशी बोलला नाही, मीही खांबाआड उभा होतो. आणि शिंदेकाकू, त्यांचा जीव चांगला आहे गं, त्या डोळे पुसत सरळ त्याच्याकडं गेल्या. म्हणाल्या, तुमच्या दाजींचं तर झालंच, पण त्यांच्या धाकट्या भावाचे फार हाल झाले हो, चार घास पोटात गेले नाहीत त्याच्या, वहिनी वहिनी करायचा नुसता.

सुदामनं नुसतं म्हणायचा अवकाश होता, की दाजींना भाऊ नाही. खरं तेच होतं. तीन शब्द, आणि तू मरेपर्यंत जपलेलं सगळं त्या हॉलच्या मधोमध उघडं पडलं असतं. त्यानं मान वळवून मला शोधलं. बराच वेळ बघत राहिला. मग हातातली पिशवी बायकोकडं दिली आणि हॉलच्या बाहेर गेला.

दत्ता माझ्याकडं बघेना. भटजी म्हणाले, चला, टोपीची वेळ झाली, माहेरचे कोण आहेत. सुदामची बायको म्हणाली, येतेत, गेलेत जरा. मला वाटलं, गेला तो. गाडीला किक मारून थेट गावाकडं. बायकोलाही इथंच टाकून. इतका अपमान त्यानं का सहन करावा?

तो आला. हातात कोपऱ्यावरच्या दुकानाची पिशवी. त्यानं आधी दत्ताला पाटावर बसवलं, टॉवेल खांद्यावर टाकला, टोपी घातली, पेढा भरवला. मग दुसरा पाट ओढला आणि मला हातानं बोलावलं. पिशवीतून नवा टॉवेल काढला, त्याची घडीही मोडलेली नव्हती. शिंदेकाकू म्हणाल्या, अगंबाई, दिरालाही घालतात का तुमच्याकडं?

सुदाम म्हणाला, "आमच्यात घालतेत, मावशी."

मी बसलो. माझं डोकं मोठं, टोपी बसेना. तो वाकला, दोन्ही हातांनी टोपी नीट करायला लागला, आणि फक्त मला नि दत्ताला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दाजी, मान जरा खाली घ्या."

दाजी, शैला. बहिणीचा नवरा. इतकी वर्षं तू शब्द शोधत होतीस, जगभरच्या बातम्या वाचत होतीस, ब्राझीलमध्ये काय म्हणतात, अमेरिकेत काय लिहितात. तो तुझ्या माहेरी होता. तुझ्या धाकट्या भावाच्या तोंडात होता, आणि तो ऐकायला तेवढी तू नव्हतीस. तूप वाढलेलं त्यानं पाहिलं तेव्हापासून होता की कोपऱ्यावरच्या दुकानात त्याला सुचला, मी विचारलं नाही. मी मान खाली घातली ती घातलीच, वर काढता येईना. दत्तानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

पंगत बसली. सुदाम वाढायला होता. माझ्या पानाशी आला, वरणभात वाढला, आणि तुपाची वाटी घेऊन थांबला. विचारलं नाही. घातलं. दत्ताच्या पानात घातलं नाही.

तू आयसीयूत विचारलंस तेव्हा मी हो म्हणालो होतो, ते खोटं होतं. आदल्या रात्रीपासून माझ्या पोटात काही नव्हतं. तुला ते कळलं असणार, तुला माझं खोटं नेहमी कळायचं. तू 'जेवलात का' म्हणालीस आणि मी 'जेवलास का' ऐकलं, एवढंही तुला सांगायचं राहून गेलं.

काल जेवलो गं. पोटभर जेवलो.